खुला मोंढा आणि कोसरूची पुडी

मित्रांनो, माझा आवाज तुम्ही ऐकलेला नसणार. तुमच्या वेळचं इंटरनेट मुकं आहे. येतं कधी, जातं कधी, कळतसुद्धा नाही. आमच्या वेळी त्याला हाका मारून बोलवावं लागे आणि ते काम माझ्याकडे होतं. मी एक मोडेम. टेलिफोनची तार आणि संगणक यांच्या मधोमध बसणारा, वहीएवढा करडा डबा, पुढच्या बाजूला लाल दिव्यांची रांग. संगणकाला जगाशी बोलायचं असलं की मी आधी नंबर फिरवायचो, मग किंचाळायचो, मग घसा साफ करावा तसा खरखरायचो, आणि पलीकडून ओळख पटली की गप्प व्हायचो. लोक कानांवर हात ठेवत. मी त्याला गाणं म्हणत असे, आणि अजूनही म्हणतो.

मी परदेशात घडलो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, बाहेरचा माल देशात मोकळेपणाने येऊ लागला होता. त्या लाटेत मीही सिकंदराबादच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात येऊन बसलो. तिथून मला त्रिवेणीने उचललं. ती नुकतीच इंजिनिअर झाली होती आणि तिच्या डोक्यात एक खूळ होतं. तिने मला आपल्या घरी नेलं नाही. तिचे वडील हणमंतराव हैदराबादच्या बेगम बाजारात मिरची-मसाल्याचे व्यापारी, त्यांचा टेलिफोन दिवसभर मिरचीच्या दरांच्या चौकशीत अडकलेला. म्हणून तिच्या संगणकासकट मी मुक्कामाला गेलो नारायणगुड्याला, तिच्या इंदुआत्याच्या घरी.

इंदुताईंच्या घरी त्या वेळी चिंता होती. त्यांचे यजमान मुकुंदराव एका सरकारी कारखान्यात होते. माणसं कमी करण्याचे ते दिवस. वेळेआधी निवृत्ती घ्या म्हणून कारखाना मागे लागला आणि मुकुंदरावांनी ती घेतली. दुसरी नोकरी काही लागेना. घर आता इंदुताईंच्या हाताच्या चवीवर चालायचं होतं. काळा मसाला, मेतकूट, सांडगे हे त्या करत आणि ओळखीपाळखीत विकत. पण ओळखी त्या किती असणार?

त्रिवेणीचं खूळ नेमकं इथेच कामाला येणार होतं.

"आत्या, आपण नेटवर बाजार मांडू या," तिने टेबलावर मला ठेवत सांगितलं. "नाव ठेवू मोंढा. आजोबा गावाकडच्या बाजाराला म्हणायचे तसं. कुणीपण यायचं, गाळ्याचं भाडं नाही, दलाल नाही. भाव सगळ्यांना दिसणार. आणि मालाच्या खाली गिऱ्हाईक वाटेल ते लिहिणार."

"वाईट लिहिलं तर?"

"तर तेपण राहणार. विकणाऱ्याला पुसता येणार नाही."

इंदुताईंनी थोडा विचार केला. "हौ, राहू दे. नुसतं चांगलं चांगलंच दिसलं तर लोक भरोसा कशाला ठेवतील?"

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, मित्रांनो. पुढे ते त्यांना फार महागात पडणार होतं, म्हणून लक्षात ठेवा.

हणमंतरावांना हा प्रकार मुळीच रुचला नाही. ते जुन्या वळणाचे व्यापारी. त्यांचे सौदे रुमालाखाली होत. दोघांचे हात एका रुमालाखाली जात, बोटं दाबून भाव ठरे आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही काही कळत नसे. तक्रार असली तर गिऱ्हाईकाला दुकानात आत घेत, चहा पाजत, आणि दार लोटून काय ते मिटवत.

"इंदे, हा बाजार कसला गं?" ते म्हणाले. "घासाघीस नाही, चहा नाही, कोसरू नाही. त्या पडद्याला काय मागणार माणूस?"

कोसरू म्हणजे भाजी घेतल्यावर वर मागून घ्यायच्या दोन मिरच्या, कोथिंबिरीची एक काडी. शब्द तेलुगू, पण हैदराबादच्या मराठी घरांनी तो कधीच आपलासा केला आहे. भावाचं ते बोलणं इंदुताईंच्या मनाला लागलं. त्या दिवसापासून प्रत्येक पार्सल बांधताना, मुकुंदरावांनी चिकटपट्टी लावायच्या आत, त्या आपल्या हाताने एक छोटी पुडी आत सरकवू लागल्या. कधी तिळाची चटणी, कधी कारंपोडी, म्हणजे शेजारणीकडून शिकलेली लसणाची लालभडक तेलुगू चटणी. न मागता दिलेलं कोसरू!

आणि मोंढा चालला. मी रोज सकाळी गाणं म्हणायचो आणि आत मागण्या यायच्या. पुण्याहून, चेन्नईहून, कुठल्या कुठल्या वसाहतीतून. माल पोस्टाने जायचा, पोस्टमन पैसे घेऊन यायचा. मी जोडलेला असलो की टेलिफोन बंद, म्हणून मुकुंदराव कुरकुरायचे, "अहो, नोकरीचा फोन येईल एखादा, या भोंग्याला आवरा!" पुढे मात्र मला उन्हाळ्यात ताप चढू नये म्हणून टेबलपंखा माझ्याकडे फिरवून ठेवणारेही तेच.

बघता बघता मोंढ्यात बरीच घरं आली. कुणी पापड, कुणी लाखेच्या बांगड्या, कुणी क्रोशाची तोरणं. सिकंदराबादच्या शोभाताई हाताने रंगवलेल्या साड्या विकत. दर रविवारी सकाळी ही मंडळी इंदुताईंच्या बाहेरच्या खोलीत जमायची. पडद्यावरचा बाजार तो, पण त्याला चहा इथे मिळायचा. एकमेकींच्या मालाचे फोटो काढून द्यायचे, पार्सलं बांधायला शिकवायचं, आणि आलेले शेरे त्रिवेणीने मोठ्याने वाचायचे, हा शिरस्ता होता.

अशाच एका रविवारी शोभाताईंच्या साडीखाली शेरा आला होता की पहिल्याच धुण्यात रंग गेला. शोभाताई रडवेल्या झाल्या, पुसा म्हणून विनवू लागल्या. तेव्हा इंदुताईच म्हणाल्या होत्या, "नाही शोभा. खुला म्हटला की खुला." शेरा राहिला. पुढे बरेच दिवस त्यांची एकही साडी गेली नव्हती.

आणि मग दिवाळीआधीचा तो रविवार आला. खोली माणसांनी भरलेली. हणमंतरावही बहिणीला भेटायला आले होते. वर्षभराचा धंदा या दिवसांतच व्हायचा. इंदुताईंनी पदरचं होतं नव्हतं ते घालून डबे भरभरून मेतकूट करून ठेवलं होतं. मी गाणं म्हटलं, पान उघडलं, आणि त्रिवेणी वाचता वाचता अडखळली.

"वाच की," इंदुताई म्हणाल्या.

शेरा बंगळुरूच्या शिल्पा नावाच्या बाईचा होता. त्या वेळच्या रीतीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. 'बाळाला पहिल्यांदाच मेतकूट-भात द्यायचा म्हणून मागवलं. मोठी पुडी घरासाठी, छोटी बाळासाठी. छोटी पुडी लाल तिखट निघाली. बाळ रडून रडून निळं पडलं. इथून काही घेऊ नका.'

खोलीत एकदम गलका उठला.

"खोटं बोलायली ती! मेतकूट कधी लाल असतंय का?"

"छोटी पुडी तर आपण विकतच नाही!"

"दिवाळी तोंडावर आली अन् हे. एकीचं नाव गेलं की सगळ्यांचं जातं. पुसून टाक त्रिवेणी."

हणमंतराव गुडघ्यावर हात मारून म्हणाले, "हेच सांगत होतो मी. दुकानातली गोष्ट रस्त्यावर आली बघ. इंदे, हट्ट नक्को करू. पूस."

त्रिवेणीने मान वर करून आत्याकडे पाहिलं. पुसण्याची किल्ली तिच्याकडे होती. एक बटण, की शेरा गेला असता. तो तारेतून मीच वाहून आणला होता, आणि पुसायचा हुकूमही मीच घेऊन जाणार होतो. मित्रांनो, त्या क्षणी माझे सगळे दिवे लुकलुकत होते. ते डबे विकले गेले नाहीत तर या घराचं काय होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

इंदुताईंचा चेहरा पांढरा पडला होता. इतरांना शेरा खोटा वाटला, त्यांना मात्र कळून चुकलं होतं. छोटी पुडी. बाळासाठी मागवते आहे असं त्या पोरीने मागणीतच लिहिलं होतं. तिला पार्सलात एक मोठी पुडी मिळाली आणि एक छोटी. कोसरूची सवय असलेल्या बाजारात तिने कधी पाऊल टाकलं नसणार. छोटी पुडी छोट्यासाठीच, असं कुठल्याही आईला वाटलं असतं. आणि त्या पुडीवर नाव नव्हतं, कारण कोसरूवर कोण नाव घालतं?

इतक्यात शोभाताई पुढे आल्या. आता या टोमणा मारणार, असं मला वाटलं. माझा अंदाज साफ चुकला. त्यांनी इंदुताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुसा वैनी," त्या हळूच म्हणाल्या. "मला माहीत आहे कसं लागतं ते. तुम्हाला नको. आम्ही कुणी काही म्हणणार नाही."

इंदुताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टोमणा मारला असता तर कदाचित त्यांनी शेरा पुसला असता. पण या मायेपुढे त्यांना ते करवेना. शोभाचा शेरा राहिला, तर माझा कसा जाईल, असं त्यांच्या मनात आलं.

"त्रिवेणी, ऊठ," त्या म्हणाल्या. "मला बसू दे तिथे."

त्यांनी संगणकाला कधी हात लावलेला नव्हता. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्या लिहू लागल्या. एरवी कुरकुरणारे मुकुंदराव पंखा माझ्याकडे वळवून उभे राहिले. मी ती तार अशी घट्ट धरून ठेवली होती, की एरवी दर थोड्या वेळाने सुटणारा माझा धागा त्या दिवशी सुटला नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

शेऱ्याच्या खाली, सगळ्या जगाला दिसेल असं, त्यांनी लिहिलं: 'शिल्पा, चूक माझी आहे. मी कोसरू म्हणून चटणी टाकली आणि पुडीवर नाव घातलं नाही. मोठ्या पुडीतलं पिवळं ते मेतकूट. बाळ आता कसं आहे?'

हणमंतरावांनी कपाळाला हात लावला. "झालं. भर बाजारात कबूल करून बसली," ते पुटपुटले आणि चहा न घेताच निघून गेले.

पुढचे दोन दिवस एकही मागणी आली नाही. मी सकाळी गायचो आणि रिकाम्या हाताने परत यायचो. इंदुताई डब्यांकडे बघत आणि पदराने कपाळ पुसत. त्यांना डब्यांची काळजी होतीच, पण त्याहून जास्त वेळा त्या त्रिवेणीला विचारत, "बाळाचं काही आलं का?"

तिसऱ्या सकाळी आलं. 'बाळ छान आहे. मधाचं बोट चाटवलं. काल पिवळं मेतकूट दिलं, वाटी चाटून पुसून खाल्लं. मावशी, आजवर मला कुठल्या दुकानाने बाळाची विचारपूस केली नव्हती. अजून एक पाकीट पाठवा. आणि ती लाल पुडीसुद्धा पाठवा, ती माझ्या नवऱ्याने संपवली.'

इंदुताई हसता हसता रडल्या. शिल्पाने पहिला शेरा पुसायला सांगितलं नाही आणि कुणी पुसलाही नाही. लोक तो वाचत, मग खालचं उत्तर वाचत, आणि मेतकूट मागवत. दिवाळीच्या आत डबे रिकामे झाले. शोभाताईंनीही मग आपल्या साडीखाली लिहून टाकलं की रंग थोडा जातो, पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात बुडवा. त्यांच्या साड्या पुन्हा जाऊ लागल्या. आपल्या मालाचं उणं आपणच सांगायचं, ही मोंढ्याची रीतच होऊन बसली. आणि इंदुताईंच्या कोसरूवर ठळक अक्षरांत नाव येऊ लागलं. ते घालण्याचं काम मुकुंदरावांनी मागून घेतलं.

संक्रांतीनंतर एक दिवस हणमंतराव आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग घसा खाकरून म्हणाले, "माझी मिरची मांडायची म्हटली तर कशी मांडायची?" त्रिवेणीने त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी माउसवर हात ठेवला आणि सवयीने खिशातून रुमाल काढून त्यावर पांघरला. सगळं घर हसून हसून बेजार झालं. त्यांनी रुमाल घडी करून खिशात टाकला आणि भाव लिहिला, सगळ्यांना दिसेल असा.

पुढचं काय सांगू? जाड तारा आल्या, माझ्याहून वेगवान डबे आले, आणि मी कपाटाच्या खालच्या खणात, रबरबँड आणि जुन्या लेबलांच्या संगतीत जाऊन पडलो. कुणी मला मुद्दाम टाकलं नाही, फक्त कुणाला आठवण आली नाही. बाहेर मोठमोठे बाजार उघडले, घरं तिकडे गेली, आणि एक दिवस त्रिवेणीने मोंढा बंद केला. त्या दिवशी मंडळी चहाला मात्र जमली होती. खणातून मला कपबश्यांचा आवाज ऐकू येत होता.

परवा खण उघडला. उजेडाने माझे डोळे दिपले. एक कॉलेजातली मुलगी उभी होती, रश्मी नावाची, बंगळुरूहून शिकायला हैदराबादेत आलेली. "आई म्हणते मी इथलं तिखट खाऊन निळी पडले होते," ती हसत म्हणाली. इंदुताईंचे केस आता पांढरे झाले आहेत. त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघतच राहिल्या.

निघताना त्यांनी तिला मेतकूट बांधून दिलं. वर कोसरू म्हणून मला दिलं. पण त्याआधी माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. रश्मीला मराठी वाचायची सवय नाही. तिने बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं: "जुना मोडेम. आता चालत नाही. बाळाची खबर यानेच आणली होती."

मित्रांनो, मी आता तिच्या खोलीतल्या फळीवर असतो. ती मोबाइलवर बोट फिरवते आणि वस्तू दारात येतात. तुमच्याही येत असतील. एखादी वाईट निघाली तर तसं खुशाल लिहा, मागे राहू नका. फक्त लिहिताना एवढं आठवा, की तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी एका बोटाने उत्तर लिहीत असेल. ते येईपर्यंत तार धरून ठेवा.