ओंजळभर पाणी

बाबा आर्किटेक्ट, पण नाव झालं ते मासेमारीच्या पुस्तकामुळे. पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासा कसा फसवावा, यावर त्यांनी तीनशे पानं लिहिली. आपल्या लाडक्या डोहाचं पाणी ओंजळीने प्यावं इतकं निर्मळ आहे, असंही ठोकून दिलं.

नव्या आवृत्तीसाठी नदीचा नकाशा काढायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात मारलं. काठावरचं हॉटेल त्यांनीच डिझाइन केलेलं, म्हणून त्याचा जुना प्लॅन खाली ठेवून मी गिरवायला बसले. हॉटेलच्या सगळ्या संडासांची लाइन थेट त्या डोहात सोडलेली होती. खाली बाबांची झोकदार सही. मी प्लॅन उचलून त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावून निवांत पाहिलं.

"ती लाइन नको गं गिरवूस," ते म्हणाले. "पुस्तक घाण होईल."