माझे कोरे समास

मी एक कादंबरी बोलतेय. छापले गेले इंग्लंडात, नांदले सांगलीत, विश्रामबागेतल्या विनोदिनीबाईंच्या टेबलावर. माझ्या पोटात ब्याऐंशी वर्षांची एक इंग्रज बाई आहे. शाळेतल्या बाकावरचा ओरखडा तिला आठवतो, सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही. हल्ली तिकडं अशा गोष्टी पुष्कळ लिहितात.

बाई कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. निवृत्तीनंतरही मुली घरी यायच्या. त्यांतली सई आजच्या ब्रिटिश कादंबरीतल्या म्हातारपणावर प्रबंध लिहीत होती.

"पूर्वी गोष्टीतली म्हातारी कोपऱ्यात बसून उपदेश करायची," बाई तिला सांगत. "आता ती स्वतः बोलते आणि बोलताना अडखळते. ते अडखळणं वाच. तिला उचलून आपल्या स्वैपाकघरात आणून बसव, मग कळेल."

बाईंचा एक नियम होता. त्यांच्या पुस्तकात खुणा पेन्सिलनंच करायच्या आणि परत देताना खोडून द्यायच्या.

पण वर्षभर माझ्या समासात बाई स्वतःच लिहीत होत्या. गॅस विसरल्याच्या प्रसंगाशेजारी, 'दूध उतू. मंगळवारी पण.' सुनेचं नाव न आठवण्याच्या प्रसंगाशेजारी, 'श्रद्धा. तिला नाव विचारायचं नाही.' आणि शेवटच्या पानावर, 'देवळाकडून डावीकडं. हिरवं फाटक.'

बाहेर पडताना मी पिशवीत असायचेच. कामाला येणारी साळूबाई हसायची. "आवं बाई, भाजीला चाललाय का शाळंला?"

"सवय गं," बाई म्हणायच्या.

मुलाला, अनीशला, यातलं काही दिसलं नाही. घरात पुस्तकं होती, बाई वाचत होत्या, एवढंच त्याला ठाऊक.

मग सईनं मला मागितलं. बाईंचा अंगठा माझ्या पुठ्ठ्यावरून क्षणभर निघेना. पण विद्यार्थिनीला पुस्तक नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

सई समास वाचून हरखली. आईला म्हणाली, "बाईंनी माझ्या प्रबंधासाठी सगळी उदाहरणं आपल्याकडच्या घरांतली काढून ठेवलीत बघ." तिनं ती वहीत उतरवून घेतली. मला ओरडता आलं असतं तर! आठव्या दिवशी ती खोडरबर घेऊन बसली. स्वतःच्या खुणा खोडल्या, बाईंच्याही खोडल्या. नियम पाळायचा म्हणून शेवटच्या पानापर्यंत. मग चुरा फुंकून टाकला.

त्याच आठवड्यात बाई माझ्याशिवाय भाजीला गेल्या. भर दुपारी मिरज रस्त्यावर उभ्या होत्या. ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं.

सई मला परत घेऊन आली तेव्हा बाईंनी थेट शेवटचं पान उघडलं.

"माझं फाटक कुठं गेलं?"

सई दचकली. बाईंकडं बघितलं, पानाकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. वही काढून तिथंच बसली आणि एकेक ओळ तिच्या तिच्या जागी लिहीत गेली. बाई शांतपणे बघत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मला मिटलं आणि तिच्या हातात दिलं.

"पोरी, हे अक्षर माझं नाही. ज्याचं पुस्तक आहे त्याला नेऊन दे."

आता बाई साताऱ्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहेत. मी सईकडं आहे. तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण अजून कोरंच आहे.

वाचणाऱ्यांनो, कुणाच्या समासात काही दिसलं, तर खोडण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. माझ्या शेवटच्या पानावर सईच्या अक्षरांखाली बाईंच्या पेन्सिलचा दाब अजून आहे. उन्हात तिरकं धरलं की दिसतो. सई रोज सकाळी खिडकीशी मला तसंच धरून बसते.