मेणाचं बूच

बिल्डर मला कायम मॅडम म्हणायचा. त्या दिवशी एकदम वहिनी म्हणाला, तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडली.

झाडांची तपासणी करून ती ठेवावीत की तोडावीत, याचा अहवाल देणं हा माझा आणि नवऱ्याचा धंदा. आजारी झाडांवर उपचार तो करतो. तपासणी माझी, सहीही माझी. या प्लॉटच्या तोंडाशी एक प्रचंड शिरीष आहे, आणि बिल्डरला पार्किंगचं फाटक नेमकं तिथूनच काढायचंय. मागच्या खेपेला मी झाड ठणठणीत आहे असं सांगितलं, तर त्याने नाक मुरडलं होतं. आता म्हणे ते आपोआप वाळतंय. कोणाच्या अंगावर पडायच्या आत तोडायला हवं, वहिनींनी नुसती नजर टाकायची.

टाकली नजर. अर्धा माथा पिवळा पडला होता. लाकडी हातोडीने बुंधा ठोकत फिरले, आवाज सगळीकडे भरीव. मग गुडघे टेकून मुळांपाशी हात फिरवला, तर सालीच्या रंगाचं मेण नखाला चिकटलं. चाकूने ते उकरलं. आत ड्रिलने पाडलेलं तिरपं भोक, आणि त्यातून तणनाशकाचा भपकारा आला. विष घालणारे मी ढिगाने पाहिलेत. ते भोकात चिखल कोंबतात आणि पळ काढतात. इथे सालीची पूड मिसळलेलं मेण किती मायेने भरलं होतं. त्या नीटनेटकेपणाचीच मला शिसारी आली.

नवरा गाडीपाशी बिल्डरशी गप्पा मारत होता. त्याला बोलावून भोक दाखवलं. कोणा नालायकाचं काम असेल, असं तो म्हणाला, आणि बिल्डरनेही हळहळल्यासारखं केलं. मी आणखी दोन बुचं काढून जमिनीवर टाकली.

तेव्हा नवरा सवयीने वाकला. मेण उचलून तळहातावर मऊ केलं, अंगठ्याने भोकात दाबलं आणि म्हणाला, "उघडं नको ठेवूस. कीड लागेल."

अंगठा तिथेच राहिला. बिल्डर मोबाइलमध्ये डोकं घालून लांब गेला.

हे मेण आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या पातेल्यात वितळलं होतं. शाळेच्या आवारातलं झाड आजारी आहे, त्याच्या जखमा बुजवायच्यात, असं त्याने मला सांगितलं होतं.

"साल माझ्याकडून कुटून घेतलीस," मी म्हणाले.

"सही कर. घरी गेल्यावर बोलू."

"झाडाला विष घातलंय, असं लिहिणार आहे. आणि कोणी घातलंय, तेही."

"ऑफिसच्या पाटीवर तुझंही नाव आहे गं."

त्याची खरंच किळस आली मला. नखातलं मेण मी त्याच्या शर्टाच्या बाहीला पुसलं आणि गाडीत जाऊन बसले. तो मागोमाग आला, दाराची मूठ ओढत राहिला. मी आतून लॉक लावलं होतं.