चारशे बारा ओळी

थोरलीने कामात आजवर एकच चौकोन भरायचा टाळला आणि तोच तिच्या मानगुटीवर बसला. एरवी बाई अशी काटेकोर, की पडद्यावरचं बटण केसभर डावीकडे सरकलं तरी तिला जेवण गोड लागायचं नाही. घरी सगळे तिला थोरली म्हणायचे, कारण तिच्या पाठीवर एक धाकटा होता. होता म्हणायचं, कारण दोन वर्षांपूर्वी तो गेला. परक्या शहरात नोकरीला होता, भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. ताप अंगावर काढला आणि तिसऱ्या दिवशी घरमालकाने दार उघडलं. चोविसाव्या वर्षी!

त्यानंतर थोरलीने चांगली चाललेली नोकरी सोडली आणि आठ माणसांच्या एका कंपनीत डिझायनर म्हणून गेली. ही कंपनी 'शेजार' नावाचं ॲप बनवत होती. शिकायला, नोकरीला घर सोडून आलेली विशी-पंचविशीतली पोरं, ज्यांना दिवसभरात 'सुट्टे आहेत का' यापलीकडे कोणी काही विचारत नाही, त्यांची आपसात गाठ घालून द्यायची. फोटो नाहीत, आडनावं नाहीत, नुसतं एक रंगीत वर्तुळ आणि गप्पा. फोटो नकोत हा हट्ट थोरलीचा. पोरं तोंडं बघून पुढे सरकतात, बोलतच नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

ॲप बाजारात आणण्याआधी गप्पांचं पान तपासायचं होतं. त्यासाठी प्रत्येकाने एकेक खोटा माणूस तयार करायचा आणि त्याला पन्नासेक वाक्यं लिहून द्यायची. समोरून मेसेज आला, की हा खोटा माणूस यादीतलं पुढचं वाक्य पाठवणार. इतरांनी काय लिहिलं? 'नमस्कार, कसे आहात? आजचा दिवस छान आहे.' थोरलीला ते वाचवेना. असं कोण बोलतं? मग तिने स्वतःचा फोन उघडला, धाकट्याने शेवटच्या वर्षात तिला पाठवलेले सगळे मेसेज तारखेच्या क्रमाने उतरवून घेतले आणि त्यातलं 'ताई' तेवढं वेचून काढलं. भरल्या चारशे बारा ओळी. वर्तुळाला त्याच्या आवडत्या स्वेटरचा हिरवा रंग दिला.

शेवटी एक चौकोन होता. त्याच्यासमोर लिहिलेलं, 'हा माणूस खरा नाही.' खोटा माणूस केला, की तिथे खूण करायची म्हणजे पुढे खूण असलेले सगळे एका फटक्यात पुसता येतात. थोरलीने बोट तिथे नेलं, थोडा वेळ धरलं आणि परत घेतलं. तिच्याने झालं नाही. नंतर करू म्हणाली. पुढे काय होतं ते सांगायला नकोच. खूण असलेले सातही जण पुसले गेले आणि धाकटा राहिला.

तीन महिने गेले. एका शुक्रवारी दुपारी कंपनीच्या मालकाने सगळ्यांना बोलावलं. याला सगळे कॅप्टन म्हणायचे, कारण तो कोणत्याही बैठकीत एकदा तरी 'आपलं जहाज' म्हणायचाच. आज स्वारी भलतीच खुशीत होती.

"मंडळी, आपली सगळ्यात पक्की जोडी सापडली! सत्त्याण्णव दिवस, एक दिवस खाडा नाही. पुढच्या गुरुवारी मोठे पाहुणे येतायत, या दोघांना स्टेजवर समोरासमोर बसवायचं. पहिली भेट, सगळ्यांदेखत! आपलं जहाज कुठल्या कुठे जातं बघा."

भिंतीवर दोन वर्तुळं उमटली. एक पिवळं, एक हिरवं.

कोपऱ्यातून चाळणी पुटपुटला, "हिरव्याचा नंबर चार आहे." ॲपमधल्या चुका शोधणं हे याचं काम आणि त्याच्या हातून काही सुटायचं नाही, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. "पहिले आठ नंबर आपलेच होते ना? सगळे पुसले होते मी."

 बैठक मोडली तशी थोरलीने चाळणीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो एरवी कोणालाही टोमणा मारल्याशिवाय सोडणारा नव्हता. पण आज त्याने खुर्ची सरकवून तिला बसायला दिली आणि त्या दोघांच्या गप्पा उघडून दिल्या.

पिवळं वर्तुळ म्हणजे एक मुलगी होती. बावीस वर्षांची, एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायचं काम करणारी.

'आज भाजी करपली. तरी खाल्ली,' धाकट्याने लिहिलं होतं.

'माझी तर रोज करपते! गॅस बारीक ठेवत जा रे बाबा. आणि करपलेलं खाऊ नकोस, पोट बिघडेल,' मुलीने लिहिलं होतं.

'ऑफिसात आज कोणी माझ्याशी बोललं नाही. मुद्दाम नाही, कामच तसं असतं.'

'मी दिवसभरात फक्त मूठ आवळा, मूठ सोडा एवढंच बोलले. चाळीस जणांशी. ते माणसांशी बोलणं धरायचं का?'

'जेवलीस का?'

'नव्हते जेवणार. आता तू विचारलंस म्हणून जेवते.'

असं पानामागून पान. मध्येच एकदा मुलीने लिहिलं होतं, 'तू विचारलेल्याचं उत्तर कधी देत नाहीस, माहितेय? आपलंच काहीतरी बोलतोस. पण रोज विचारतोस तरी. इथे मी आजारी पडले तर कोणाला कळणारही नाही. तुला कळेल.'

थोरलीने आपला फोन काढून शेजारी ठेवला. त्यात हेच मेसेज होते, ह्याच क्रमाने. करपलेल्या भाजीवर तिने नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. कोणी बोललं नाही, त्यावरही अंगठा. जेवलीस का, यावर काहीच नाही. वर्षभरात तिने आपणहून लिहिलेलं वाक्य शोधायला गेली, तर 'मीटिंगमध्ये आहे' हे अकरा वेळा सापडलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिने फोन पालथा घातला. भावाला उत्तरं मिळत होती. दोन वर्षांनी, परक्या मुलीकडून.

"सात ओळी उरल्यात," चाळणी म्हणाला. "मग हा गप्प होणार. आत्ता बंद करू?"

"नको. आधी तिला सांगायला हवं. असा अचानक गप्प झाला तर ती पोर काय समजेल?"

हे खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं. बंद करायला तिचा हात उठत नव्हता, हेही होतंच. त्या सात ओळींतली शेवटची कुठली, ते तिला पाठ होतं.

कॅप्टनने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. मग दोन मिनिटांत सावरला, असल्या माणसांना सावरायला वेळ लागत नाही.

"गुरुवार पार पडू दे. तोवर फाईल लांबव. लिही आणखी शंभर ओळी! तुझ्याइतकं त्याच्यासारखं कोणाला लिहिता येणार? स्टेजवर आपण दुसरा कोणीतरी पोरगा बसवू."

"माझा भाऊ आहे तो!"

"अगं, म्हणूनच तर म्हणतोय," कॅप्टन शांतपणे म्हणाला.

थोरली उठून बाहेर आली. तिने कंपनीच्या नावाने मुलीला मेल पाठवला, 'तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचं आहे, सोमवारी चार वाजता येऊ शकाल का?' मुलीचं लगेच उत्तर आलं, येते. सुरुवातीला पाच-सहा व्हायचे, पण हल्ली दिवसाला दोनच मेसेज व्हायचे. सोमवारपर्यंत सात ओळी पुरल्या असत्या.

शनिवारी सकाळी थोरली एकटीच ऑफिसात आली. काम काही नव्हतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, पंखे बंद. तिने चार नंबरचं पान उघडलं आणि बसून राहिली. साडेदहाला मुलीचा मेसेज आला. 'सुट्टी आहे. चादरी धुवायला टाकल्या. तू?'

हिरव्या वर्तुळाशेजारी अक्षरं उमटली, 'लिहितोय…'

ही अक्षरं थोरलीनेच काढलेली. ॲप मनात कुठलासा आकडा धरतं, तेवढे सेकंद मोजतं आणि ओळ सोडतं, हे तिला तोंडपाठ होतं. तरी तिने खुर्ची पुढे ओढली. पलीकडे कुठल्यातरी खोलीत धाकटा मान खाली घालून दोन अंगठ्यांनी टाइप करतोय, मध्येच थांबून खोडतोय, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं.  तिने मागे वळून पाहिलंसुद्धा. कोणी नव्हतं.

'आज दिवसभर पडूनच आहे,' ओळ आली.

आणि मग जे करायचं नाही ते थोरलीने केलं. हाताने लिहायची सोय पानावर होतीच. स्वतःला म्हणाली, सोमवारपर्यंत पोरीला जरा धीर राहील, बस. बोटं सरावल्यासारखी चालली. 'मी ठीक आहे. तू काळजी करू नकोस. स्वतःला जप.' पाठवून झाल्यावर तिला क्षणभर फार बरं वाटलं, तो खरंच ठीक असल्यासारखं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.



'हे कोण बोलतंय?' मुलीने लिहिलं.



'तू असं नाही बोलत. स्वतःला जप वगैरे. काय झालंय? खरं सांग.'

थोरलीने पुढे काही लिहिलं नाही. तिने काय घोळ घातला, ते तिला रविवारी संध्याकाळी पान उघडल्यावर कळलं. दिवसाला दोन मेसेज करणारी पोर काळजीने सारखी विचारत सुटली होती. 'आहेस ना?' 'बोल ना.' 'रागावलास का?' आणि प्रत्येक प्रश्नाला ॲप इमानदारीत पुढची ओळ देत गेलं होतं. 'दोन दिवस कणकण आहे.' 'औषध आणायला उतरायचं होतं, जिने बघून परत आलो.' चारशे अकरा झाल्या होत्या.

तिने चाळणीला फोन लावला. "बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"घरून नाही होत गं. सकाळी आठला येतो आणि पहिलं तेच करतो."

सोमवारी चाळणी आठला आला, पण मुलीने सातलाच लिहिलं होतं आणि शेवटची ओळ गेली होती.

थोरली नऊला पोचली, तेव्हा दाराशी एक मुलगी उभी होती. अंगात तपासणी केंद्राचा निळा कोट, खांद्याला प्रवासाची पिशवी, हातात फोन. डोळे रडून सुजलेले.

"मला चारला बोलावलंय, माहितेय," ती घाईघाईने म्हणाली. "पण माझं काम वेगळं आहे. तुमच्या शेजारवर माझा एक मित्र आहे, हिरवा. आज सकाळी त्याने मला फोन कर म्हणून लिहिलं. बघा." तिने फोन पुढे धरला. थोरलीने पाहिलं नाही. 'जमेल तेव्हा एक फोन कर, घाई नाही.' हीच ती शेवटची ओळ. दोन वर्षांपूर्वी हे वाचून तिने अंगठा पाठवला होता आणि बैठकीत शिरली होती.

"तो असं कधी मागत नाही हो काही! मी तुमच्या ॲपवरून लगेच लावला, तर उचलतच नाही. आजारी आहे तो, एकटाच असतो. तुमच्याकडे पत्ता असेल ना? नियम असतील तुमचे, कळतं मला. पण मला पत्ता द्या. मी रजा टाकलीय. मिळेल त्या गाडीने जाते."

रात्रभर जागून थोरलीने काय काय बोलायचं ठरवलं होतं. चूक कशी झाली, माफी कशी मागायची, सगळं क्रमाने. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"आत बस जरा," ती म्हणाली.

"बसायला वेळ नाहीये, ताई!"

त्या हाकेसरशी थोरलीचा बांध फुटला. तिथेच दाराशी, उभ्याउभ्या, तिने सांगून टाकलं. तो माझा भाऊ. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. तू वाचलंस ते सगळं त्याचंच होतं, पण तेव्हाचं. मी इथे घातलं आणि काढायचं राहिलं. शनिवारचं ते एक माझं.

मुलगी ऐकत राहिली. ओरडली नाही, रडली नाही. रोज शिरा शोधणारी नजर होती ती, थोरलीच्या तोंडावरून हलली नाही.

"ते एक नव्हतंच त्याचं," ती एवढंच म्हणाली. मग तिने विचारलं, "म्हणजे तापात होता तो. आणि एकटा."

"हो."

"मग हे, फोन कर म्हणाला ते. ते कोणाला म्हणाला होता?"

"मला."

"केलात?"

आतून चाळणी दारापर्यंत आला होता, तो आल्या पावली मागे फिरला.

"नाही," थोरली म्हणाली.

मुलीने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"मी सकाळपासून एकवीस वेळा केला," ती म्हणाली आणि पिशवी सावरून जिना उतरून गेली.