कुंपणाबाहेरची मेणफुलं

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या डोंगरातली माणसं मेलेल्यांना भेटायला येत आणि जिवंतांची झडती घेऊन जात. थडग्यांवरचं गवत काढायचं, फुलं वाहायची आणि तिथेच ओकच्या सावलीत फळ्या टाकून जेवायचं. कोणाच्या आईला यंदा प्लॅस्टिकची फुलं मिळाली, कोणाच्या सुनेने कोंबडी घरी न तळता बाजारातून आणली, हे सगळं पंगत उठायच्या आत प्रत्येकाच्या डोक्यात जमा झालेलं असे.

प्रुइट टेकडीवरच्या दफनभूमीची ख्याती मात्र वेगळी. माझी आजी डेल्फी लहान असताना तिचे आईवडील आणि भाऊ एका रात्री कुऱ्हाडीने मारले गेले. ती तेवढी वाचली. गावाने चौकशी न करताच त्यांच्या घरचा गडी एझ्रा टॅकेट याला झाडाला लटकवलं आणि कुंपणाबाहेर आडवातिडवा पुरलं. आत सगळे पूर्वेकडे तोंड करून निजलेले, मेलेले पुन्हा उठतील त्या दिवशी सूर्य समोर असावा म्हणून. एझ्राला तोही हक्क नाही.

पण दर वर्षी त्या रविवारी सकाळी एझ्राच्या दगडावर फुलं सापडत. मारली गेलेली महाला प्रुइट, म्हणजे आजीची आई, येऊन क्षमा करून जाते म्हणे. शहरातली पोरं कॅमेरे घेऊन तिला बघायला येत. फुलं असत क्रेप कागदाची, पावसात टिकावीत म्हणून मेणात बुडवलेली. भुताला मेण कोण वितळवून देतं, हे कोणी विचारत नसे.

एका वसंतात ओर्लीनामावशीने मला बोलावलं. डेल्फीची ही थोरली लेक. संधिवाताने तिची बोटं झाडाच्या मुळांसारखी झाली होती.

"वर्ना, दार लाव. आणि हसायचं असेल तर आल्या पावली परत जा."

चुलीवर मेण वितळत होतं. टेबलावर लाल कागद.

"मावशी! महाला म्हणजे तू?"

"माझ्याआधी आई. एझ्रानेच तिला मक्याच्या कणगीत लपवलं होतं. मारणारा दुसराच, तिने डोळ्यांनी पाहिला. पण एवढ्याशा पोरीला विचारतंय कोण? आणि मोठी होईपर्यंत दोर ओढणाऱ्यांच्या घरात आमच्या सोयरिकी झाल्या."

"मग आता तरी सांगून टाक."

"आणि पंगतीत बसू कोणाशेजारी? आईला वचन दिलंय. एक वर्ष जरी दगड उघडा राहिला ना, तर लोक म्हणतील, महालाने क्षमा परत घेतली. म्हणजे तो कायमचा खुनी. माझी बोटं संपली, पोरी. आता तू."

मी बसले. माझ्या गुलाबांचे कोबी झाले.

"महाला मेली तरी असं फूल करणार नाही," मावशी म्हणाली.

"मेलीच आहे ती, मावशी."

"तोंड नको, हात चालव."

रविवारी आम्ही सगळ्यांच्या आधी टेकडीवर पोचलो. कुंपण हॉबर्टमामाच्या ताब्यात. मावशीचा हा धाकटा भाऊ तार फिडलच्या तारेसारखी ताणून ठेवी आणि त्यावर सभेत भाषणही ठोकी. पलीकडे जायला मावशी तारांखालून वाकणार कशी, याची मला धास्ती. ती मात्र थेट कोपऱ्यातल्या खांबाशी गेली. तिथल्या तारा एका आकड्यात अडकवलेल्या होत्या. तिने त्या काढून बाजूला केल्या.

"हॉबर्टचं इथे कायम दुर्लक्ष," ती म्हणाली. "बरंच आहे."

दुपारी पंगत बसली. कोरा स्टिडम, जिच्या आजोबांनी तो दोर आणला होता, फुलं बघून आली आणि घेवड्याच्या भांड्यावरून म्हणाली, "यंदा महालाचा हात बिघडलाय."

आमच्याकडे प्रत्येक बाईच्या फुलाची घडी सही केल्यासारखी ओळखू येते. मावशीच्या हातातला मक्याचा पाव तोंडाशी थांबला. मी ताटात डोकं घातलं.

"शंभर वर्षं झाली तिला मरून," हॉबर्टमामा चघळत म्हणाला. "सांधे धरणार नाहीत होय?"

हशा झाला. भांडं पुढे सरकलं. कोराने सुक्या सफरचंदांचा थरांचा केक कापून मोठा तुकडा मावशीच्या ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पाकळीची कड अंगठ्यावर ताणून घ्यायची, मग मेण. महाला कोणाला भेटली तर सांगा."

मावशीचे डोळे भरले. तिने दोष केकवर ढकलला. "कोरा, साखर जास्त झालीये."

निघताना मामाला एकटं गाठून मी म्हटलं, "मामा, कोपऱ्यातली तार सैल आहे. ताणायची का?"

"हात लावशील तर खबरदार. तो आकडा आईच्या गुडघ्यांसाठी बसवलाय मी."

आता मावशी, मामा, कोरा, सगळे आत पूर्वेकडे तोंड करून आहेत. पाकळीची कड मला साधली आहे. आकड्याला दर वसंतात कोणीतरी तेल घालून ठेवतं. कोण, ते मी विचारत नाही.