भिंतीचे खिळे माझ्या पाठीत

मी एक जुने लाकडी कपाट आहे, आणि स्वभावाने घाबरट आहे. मित्रांनो, हसू नका. जड वस्तूंना भीती नसते असे तुम्हाला वाटत असेल. पण ज्याच्या अंगावर ओझे जास्त, त्याच्या मनात धाकधूकही जास्त.

सागवानाचा तोरा माझ्याकडे नाही. साधे लाकूड, दोन दारे, चार कप्पे, चार आखूड पाय आणि जाड फळ्यांची पाठ. माझ्या पाठीवर सुताराने नीट रंधासुद्धा मारला नाही. "ही जन्मभर भिंतीला टेकून राहणार, हिला कशाला नटवायचं?" असे तो म्हणाला होता.

नळदुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराने लग्नानंतर मला घरी आणले. माझ्या तळाच्या कप्प्यात त्याची हत्यारांची लोखंडी पेटी असे. सकाळी तो ती काढी, संध्याकाळी ठेवी. वरच्या कप्प्यांत त्याच्या बायकोचे कपडे आले, मग झबली-टोपडी, मग दोन मुलांची दप्तरे. एके दिवशी तो कामावर गेला आणि संध्याकाळी पेटी त्याच्या सोबत्याने आणून दिली. कामावर अपघात झाला होता. तो गेला. ती पेटी मुलांच्या आईने माझ्या तळाशी सरकवली आणि पुन्हा उघडली नाही.

त्यानंतर आम्ही लहान घरात आलो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली मालकीणबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "आधीच्या बिऱ्हाडाने भिंतींची चाळण केली होती. मी पुन्हा सांगणार नाही. भिंतीला खिळा लागला की घर सोडायचं."

"नाही लागणार," आई म्हणाली. घर शोधून शोधून ती टेकीला आली होती. "उंदीर पाळा" असे सांगितले असते, तरी तिने मान डोलावली असती.

मुलांना एकच खोली होती. आईने मला खोलीच्या मधोमध आडवे उभे केले. एका कुशीला भिंत, दुसऱ्या कुशीला जायला वाट. माझ्या दारांची बाजू दादाला मिळाली. पाठीची बाजू धाकटीला. तिला घरात सगळे चिमणी म्हणत.

"त्याला खिडकी आणि दारं, आणि मला ही खरबरीत पाठ?" चिमणीने ओठ काढला.

आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथून उरलेल्या चिंध्या आणायची तिला मुभा होती. तिने डब्याच्या तळाशी राहिलेला निळा रंग कुणाकडून तरी मिळवला आणि माझी पाठ आभाळासारखी रंगवली. चिंध्यांच्या पताका केल्या. बुटांच्या खोक्यांना रंगीत कागद चिकटवून कप्पे केले. जुन्या फळीचे शेल्फ केले.

"पण हे लावायचं कुठे?" दादाने विचारले. "मालकीणबाई ओरडतील."

"त्या भिंतीला नको म्हणाल्यात. कपाटाला कुठे नको म्हणाल्यात?" आई म्हणाली आणि तिने हातोडी उचलली.

मित्रांनो, त्या घराचे सगळे खिळे माझ्या पाठीत गेले. शेल्फ, खोकी, आरसा, दप्तर, रेनकोट, दिवा. मला दुखले, पण खरे सांगते, आनंदही झाला. ज्या पाठीला कुणी विचारत नव्हते, तिच्याकडे पाहून शेजारणी थबकू लागल्या. आईची बहीण आली तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, अगं हे दुकानातल्यासारखं दिसतंय! माझ्याकडे ये की एकदा. माझी पोरं तर शेवाळलेल्या डबक्यात राहतात."

"तू नवऱ्याला कामाला लाव, मग येते," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली.

मग दादाच्या चेंडूला आणि बुटांना जागा हवी झाली. आईने बराच वेळ तळाच्या कप्प्यासमोर बसून काढला आणि शेवटी मुलांच्या मामाला बोलावले. मामाने पेटी उचलली आणि कण्हला, "अरे देवा, केवढी जड! दाजी रोज कशी न्यायचे ही?" आईने त्याच्यासाठी दार उघडून धरले. पेटी घेऊन मामा जिना उतरून गेला.

त्या क्षणापासून मला कसेसेच वाटू लागले. मला आजवर त्या पेटीने धरून ठेवले होते. आता पोट हलके आणि पाठ जड. मी रोज केसभर मागे, चिमणीच्या बाजूला, कलू लागले. तिचा पलंग माझ्या पाठीला लागून होता. तिचा श्वास मला ऐकू येई आणि मी लाकडाची प्रत्येक शीर ताणून उभे राही.

मी सांगण्याचा प्रयत्न केला. माझी दारे उघडी राहीनात. दादाने सोडली की आपटत. एकदा त्याचे बोट सापडले.

"आई, हे कपाट चावतं!"

"बरं झालं. दारं सताड उघडी टाकायची तुझी खोड तरी मोडेल."

मी कुरकुरले. "लाकूड आहे, बोलणारच," आई म्हणाली. मग माझे पुढचे पाय जमिनीवरून किंचित उचलले गेले आणि मी डगमगू लागले. आईच्या ते लक्षात आले! मला वाटले, सुटले. तिने पुठ्ठ्याची घट्ट घडी केली आणि पुढच्या पायांखाली सारली. डगमग थांबली. "झालं," असे म्हणून तिने हात झटकले. पण मित्रांनो, पुढचे पाय उंच झाल्यावर मी आणखीनच मागे कलले. आणि आता डगमगतही नव्हते. आता कुणाला काही कळणार नव्हते.

आईला सुट्टी होती अशा एका दुपारी, शाळेतून आल्यावर चिमणीला शेल्फच्या वर कागदी चांदण्या टांगायच्या होत्या. ती पलंगावर चढली. हात पुरेना, म्हणून तिने शेल्फला धरून स्वतःला वर ओढले. मी निघाले. थांबायला माझ्याकडे काहीच नव्हते.

सुदैवाने दादा तेव्हा पलीकडे सदरा शोधत होता. माझे पाय उचललेले त्याने पाहिले. तो माझ्या मधल्या कप्प्याला दोन्ही हातांनी लोंबकळला आणि किंचाळला, "आई! कपाट चाललं! चिमणे, पळ!"

चिमणी उडी मारून बाजूला झाली. शेल्फ, खोकी, आरसा सगळे तिच्या उशीवर कोसळले. आई कणकेच्या हातांनी धावत आली आणि तिने माझ्या पाठीला खांदा लावला. दोघांनी मिळून मला सरळ केले. कुणाला लागले नाही, चिमणीचे कोपर तेवढे खरचटले.

आवाजाने मालकीणबाई वर आल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "मला हे कपाट भिंतीला लोखंडी पट्टीने बांधायचं आहे. खिळा नाही, मोठा स्क्रू. आजच. घर सोडायला सांगायचं असेल तर सांगा, पण पट्टी लावून झाल्यावर." बोलताना तिने माझ्यावरचा हात काढला नाही.

मालकीणबाई माझ्या पाठीकडे बघत राहिल्या. "एवढे खिळे? याच्यात?"

"तुम्ही भिंतीला नको म्हणालात ना," चिमणी म्हणाली.

मालकीणबाईंनी उशीवरची एक काच उचलली. "अगं, पण विचारायचं तरी. मी काय गिळणार होते का तुला?" मग त्या म्हणाल्या, "एक नको, दोन पट्ट्या लाव. आणि जाताना भोकं बुजवून जा. ते मात्र मी सोडणार नाही."

संध्याकाळपर्यंत सुतार येऊन गेला. पुठ्ठा निघाला. शेल्फवरची जड पुस्तके तळाच्या कप्प्यात गेली. पाठीवर आता फक्त पताका आणि चांदण्या आहेत. पलंग दुसऱ्या भिंतीशी गेला.

मी आता हलत नाही. तरी भीती गेलेली नाही. चिमणीचीही नाही. रोज शाळेतून आली की ती माझ्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवते, जोर लावते आणि आईला ओरडून सांगते, "हलत नाही!"

काल ती असेच ओरडली आणि मग स्वयंपाकघरात गेली. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. चिमणीने तिच्या पाठीवर तसेच दोन्ही तळवे टेकवले.

"काय गं?"

"तू हलतेस का बघते."

आई हसली. मग हसता हसता तिने गॅस बंद केला. "हलते गं बाई," ती म्हणाली आणि खाली बसली. दादाने न सांगता तिला पाणी आणून दिले. मग तिघेही तिथेच, जमिनीवर, बराच वेळ बसून राहिले.

मित्रांनो, घर जरूर सजवा. रंगाचा उरलेला डबा आणि चार चिंध्या पुरतात, हे मी माझ्या पाठीवर पाहिले आहे. पण ज्याच्या अंगावर तुम्ही सगळे टांगता, त्याला अधूनमधून हात लावून बघा. ते डगमगायचे थांबले, म्हणजे ते ठीक आहे असे समजू नका.