गोदूअक्कानं मीठ वाढलं

झोंबी माणसाचा मेंदू खातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या नादी लागू नये. मी इकडं कानडी मुलखात, यशवंतपूरच्या घाऊक बाजारात कांद्याच्या पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवते आणि उरलेल्या वेळात वाचते. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाचा धाकही नाही.

झोंबी हैतीचा. तिथं उसाच्या मळ्यात गुलाम मरेस्तोवर राबायचे. मेल्यावरही मालक थडग्यातून उठवून परत फडात उभं करील, ही त्यांची भीती. असा उठवलेला मुर्दा कुणाला चावत नाही, मुकाट राबतो. त्याला अळणीच खायला घालायचं, कारण मिठाचा कण जिभेला लागला की त्याला सगळं आठवतं. नव्वदेक वर्षांपूर्वी सिनेमानं त्याला उचललं आणि पुढं माणसं खायला लावली. मालक सुटला, मजूर राक्षस ठरला!

हेच मी राजाजीनगरातल्या आमच्या मराठी मंडळासाठी नाटक म्हणून लिहिलं. तीन प्रवेश, चाळीस मिनिटं.

अध्यक्ष जितेंद्रराव देवस्थळी, मूळ पुण्याचे, संशोधन संस्थेतून निवृत्त. वाचून म्हणाले, "शालनताई, तुमचं निपाणीकडचं मराठी गोड आहे हं. पण मेंदू कुठाय? ऑडियन्सला मेंदू हवा."

"त्यांच्याकडं नाही?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. शेवटच्या प्रवेशात मेंदू खायचा, नाहीतर नाटक रद्द आणि त्या जागी त्यांच्या मेहुण्यांची भावगीतं, अशी अट. शिवाय मालकाचं काम त्यांनाच. मी दात खात कबूल केलं. मेंदू म्हणून सॉस ओतलेला फ्लॉवरचा गड्डा ठरला.

मुख्य झोंबी बसवंत, अथणीचा, इथल्याच शिवाजीनगरात मोटारी दुरुस्त करणारा. पहिल्या तालमीत तो असा चालला की माझ्या अंगावर काटा आला.

"कुठं शिकलास रे हे?"

"अक्का, दिवसभर उसाच्या मोळ्या वाहिल्यावर अप्पा असेच चालायचे."

मालकाची स्वयंपाकीण झाली गोदूअक्का. मंडळाच्या पंगतीत तीस वर्षं वाढपाला तीच. तालमीत ताटं रिकामीच असायची. प्रयोगाच्या दिवशी मात्र जितेंद्ररावांनी फर्मान काढलं, "खरा भात आणा, रिअ‍ॅलिस्टिक दिसू दे." मंडळाच्या स्वयंपाकघरातून वाढपाचा सगळा सरंजामच आला.

पडदा उघडला. मी आधी मिठाची गोष्ट सांगितली. मग सहा मुर्दे ओळीनं मांडी घालून बसले. गोदूअक्का आली, समोर पंगत बघितली आणि हात आपोआप चालला. भाताच्या आधी प्रत्येक ताटात, वरच्या अंगाला, चिमूटभर मीठ.

"अगं बाई, मीठ वाढलं!" पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आता उठतायत!"

गोदूअक्कानं जीभ चावली. बसवंतनं विंगेत माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यानं बोट मिठात बुडवून चाटलं आणि उठला. पहिल्यांदाच पाठ ताठ.

"मालक," तो म्हणाला, "माझी आई कुठाय?"

हे मी लिहिलंच नव्हतं. मग बाकीचे पाचही मीठ चाटून उठले.

जितेंद्रराव घाबरून धावत आले, एका हातात चाबूक, दुसऱ्या हातात फ्लॉवर. "अहो, बसा खाली! अजून दोन प्रवेश आहेत!"

लोकांना तो मालकाचाच डायलॉग वाटला. हशा उसळला.

"ते तुम्हीच करा," बसवंत म्हणाला. "आम्ही घरी निघालो."

सहाही जण प्रेक्षकांतून दाराकडं गेले. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

"मेंदू राहिला ना!" जितेंद्रराव ओरडले.

"तुम्हीच खा!" मागून आवाज आला.

नऊ मिनिटांत नाटक संपलं.

नंतर पंगतीत लोक जितेंद्ररावांचे हात हातात घेत होते. "काय मालक रंगवलात हो! गणपतीत परत लावा." ते फुलले. "लावू की. फक्त शेवटी जरा मेंदू..."

गोदूअक्का त्यांचं ताट सोडून पुढं गेली.

"अहो अक्का, मीठ?"

"स्वल्प थांबा. मेंदू आहे का नाटकात?"

त्यांनी अळणी वरणभाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"नाही," ते म्हणाले.

"सरी, बरं तर," गोदूअक्का म्हणाली, आणि मीठ वाढलं.